उजेड कोणता?

कापसाचा नमुना हातात आला की पारखी आधी उत्तरेच्या खिडकीकडे वळायचा. थेट उन्हात रुई आहे त्याहून पांढरी दिसते आणि उतरत्या उन्हात पिवळी. उत्तरेकडून येणारा उजेड त्या मानाने दिवसभर एकसारखा असतो, म्हणून रंग पाहायचा तो त्याच उजेडात, ही कापूसबाजारांची रीत. मुंबईतल्या आमच्या कॉटन ग्रीनचं नाव या व्यापारावरूनच पडलेलं आहे. फोर्टात सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानात रचल्या जाणाऱ्या गाठी १८४४ मध्ये कुलाब्याला हलल्या, पुढे १९२० च्या दशकात शिवडी-माझगावच्या भराव घातलेल्या जमिनीवर आल्या, आणि नावही त्यांच्या मागोमाग आलं. आज हार्बरच्या गाडीतून इथे उतरणाऱ्याला ना हिरवळ दिसते ना कापूस. दिसतात ती गोदामं, ट्रकच्या रांगा आणि कापूस एक्स्चेंजची थोराड इमारत.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की पुढचं पुस्तक ठोकळ्यांच्या एका खेळाबद्दल आहे आणि वाचकाला वाटेल की प्रस्तावनाकाराचा रस्ता चुकला. रस्ता हाच आहे. काळाचौकी, घोडपदेव आणि अभ्युदयनगरातल्या मुलांनी माइनक्राफ्ट या खेळासाठी उजेड ओळखणारे नवे ठोकळे सुचवले, त्या सुचवण्यांचा हा संग्रह. संपादकांनी प्रत्येकाला आधी एकच प्रश्न विचारला: तुझ्या ठोकळ्याने उजेड ओळखायचा म्हणजे कोणता उजेड ओळखायचा? पारख्याला हा प्रश्न विचारावाच लागला नसता.

मी स्वतः हा खेळ भाच्याकडून शिकलो, तेही साठी उलटल्यावर. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं म्हणून मला वाटलं होतं, आठवडाभरात जमेल. तीन महिने गेले. तेव्हा ज्यांना खेळाचा गंध नाही अशांसाठी थोडं पहिल्यापासून सांगतो.

स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने २००९ मध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला आणि २०११ मध्ये तो रीतसर प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची मोयांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. जग सगळं ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड खणायचं आणि त्यातून हवं ते रचायचं. दिवस वीस मिनिटांचा, रात्र धरून. अंधारात राक्षस जन्मतात, त्यामुळे उजेड ही या खेळात शोभेची गोष्ट राहत नाही, जिवाची गोष्ट होते.

उजेड मोजायची रीत मात्र गंमतशीर आहे. प्रत्येक घराला, म्हणजे एक ठोकळा मावेल एवढ्या जागेला, ० ते १५ मधला आकडा असतो. आकडा एक नाही, दोन: एक आकाशाच्या उजेडाचा, दुसरा दिव्यांचा. टॉर्चजवळ दिव्याचा आकडा १४, आणि दर घरामागे तो एकाने उतरतो. आकाशाचा उजेड वरून सरळ खाली कितीही खोल जातो, तसूभरही कमी न होता. आडवा जायला लागला की मग एकेकाने उतरतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपर्यंत दिव्याचा आकडा ७ किंवा कमी असला तरी राक्षस जन्मत, तेव्हापासून तो ० असावा लागतो. एवढ्या एका बदलाने किती जणांच्या गुहांतल्या टॉर्चच्या रांगा फुकट गेल्या असतील!

या जगात वीज यावी तसं ‘रेडस्टोन’ आलं ते २०१० मध्ये. ही लाल भुकटी जमिनीवर ओढली की तिच्यातून इशारा वाहतो आणि त्याचंही बळ ० ते १५. रेडस्टोनवर पेटणारा दिवा २०१२ चा. मग मार्च २०१३ मध्ये तो ठोकळा आला ज्याच्याभोवती हे सगळं पुस्तक फिरतं, म्हणजे दिवसाचा उजेड ओळखणारा. तीन काचा, तीन क्वार्ट्झ आणि लाकडाच्या तीन फळ्या जुळवून तो बनतो. सूर्य माथ्यावर आला की तो १५ सांगतो, कलला की कमी, पावसात आणखी कमी, आणि दर सेकंदाला एकदा आपला आकडा तपासतो. पुढच्या वर्षी त्याला उलटा चालवायची सोय झाली, म्हणजे अंधार पडेल तसा इशारा वाढत जाईल. त्यानंतर शेजारचा ठोकळा बदलला की खबर देणारा ‘ऑब्झर्व्हर’ आला, २०२२ मध्ये पावलांची कंपनं ऐकणारा ‘स्कल्क सेन्सर’ आला, २०२४ मध्ये गंजत जाईल तसा मंद होणारा तांब्याचा दिवा आला. ऐकणारे, पाहणारे, गंजणारे असे सगळे झाले. पण अंगणात कुणी टॉर्च लावला आहे का, एवढं सांगणारा ठोकळा मूळ खेळात आजही नाही. दिवस ओळखणाऱ्याला फक्त आकाश कळतं. त्याच्या शेजारी दहा दिवे लावा, तो ढिम्म.

खेळणाऱ्यांनी यातून ज्या पळवाटा काढल्या त्या वाचण्यासारख्या आहेत. दिव्याचा उजेड १२ किंवा अधिक झाला की खेळातला बर्फ वितळतो, आणि ऑब्झर्व्हर ते पाहू शकतो. छताखालच्या शेतातला उजेड फार उतरला की रोपटी उपटून पडतात, तीही त्याला दिसतात. म्हणजे उजेड मोजायला एक बर्फाची लादी किंवा गव्हाची ओंबी नेमायची. एकदा वितळलेली लादी परत गोठेलच असं नाही, त्यामुळे हे मोजमाप बहुधा एकदाच चालतं. जुगाड आहे, पण विज्ञानाचा इतिहास पाहिला तर याहून वेगळा नाही. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ समुद्राखालच्या तारा तपासायला सेलेनियमच्या कांड्या वापरत होता आणि त्यांचा विद्युतरोध उजेडात बदलतो हे त्याच्या ध्यानात आलं. उजेड शोधायला तो निघालाच नव्हता. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून ग्राहक बनवला, त्याचा पेटंट अर्ज १९०१ चा, मंजुरी १९०४ ची. विद्युतलहरी आणि उजेड दोन्ही टिपणारा तो डोळा होता.

सुचवणाऱ्यांमध्ये ठळक असे तीन पंथ दिसतात. त्यांची नावं मी माझ्या मनाने ठेवली आहेत आणि संपादकांनी ती चालवून घेतली, याबद्दल त्यांचे आभार.

पहिला मावळतीवाला पंथ. यांना उजेड हा वेळेचा निरोप म्हणून हवा असतो. गिरणगावात ही मागणी जुनी आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांची सभा भरली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर तिथे एक मागणी होती ती अशी की काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. घड्याळ मालकाचं, पण सूर्य कुणाच्या हातात नव्हता. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा अर्थच गेला. दिवे लावून काम लांबवण्यावरून १९०५ मध्ये गिरणगावात संप झाले. खेळातला दिवस ओळखणारा ठोकळा दिव्यांना दाद देत नाही हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा ही सुपारीबाग आठवली. या पंथातल्या सुचवण्या साध्या आहेत: बरोबर मावळतीलाच एक टोला देणारा ठोकळा, पावसाच्या अंधाराला रात्र न समजणारा ठोकळा, अमावास्या-पौर्णिमा ओळखणारा ठोकळा. शेवटचा मला फार आवडला. खेळात चंद्राच्या आठ कला आहेत आणि त्यांना विचारणारा ठोकळा एकही नाही.

दुसरा पंथ दिवेवाल्यांचा. यांना दिव्याचा आकडा हवा. इथे अनुभवी माणूस लगेच हात वर करतो, कारण यात एक जुना खोडा आहे. अंधार पडला की दिवा लावणारा डोळा त्याच दिव्यासमोर ठेवला तर दिवा लागताच त्याला उजेड दिसतो, तो दिवा विझवतो, अंधार होतो, पुन्हा लावतो. आमच्या गल्लीत असा एक खांब होता. ज्याने बसवला त्याने डोळा खाली दिव्याकडे तोंड करून बसवला होता, आणि पावसाळाभर तो रात्रभर डोळे मिचकावत उभा. आम्ही पोरं त्याला ‘फ्लर्ट’ म्हणत असू. खरे कारागीर डोळा आकाशाकडे वळवतात, आणि शिवाय पेटण्याची पातळी खाली व विझण्याची वर अशी दोन टोकं ठेवतात, मधल्या पट्ट्यात काही हालवत नाहीत. मूळ खेळातला ठोकळा दिव्यांना आंधळा असल्यामुळे या फेऱ्यात कधी सापडत नाही. तो आंधळेपणा मुद्दाम असो वा नसो, शहाणपणाचा आहे. दिवेवाल्यांच्या चांगल्या सुचवण्यांत म्हणूनच दोन टोकांची सोय आहे. वाईट सुचवण्यांत नाही, आणि संपादकांनी अशा दोनतीन मुद्दाम तशाच छापल्या, फेरा कसा लागतो ते दिसावं म्हणून.

दुसरा खोडा खर्चाचा. मोकळ्या जागेत हवेत एक टॉर्च लावला तर त्याच्यासह ३,३०३ घरांचे आकडे बदलतात. तेरा घरांच्या अंतरापर्यंतची घरं मोजली की हिशेब येतो, कुणीही वहीवर करून पाहावा. प्रत्येक घरात डोळा असेल आणि प्रत्येक डोळ्याने लगेच ओरडायचं असेल तर संगणकाचा घाम निघेल. दर सेकंदाला एकदाच पाहणं हा जो कंजूषपणा मूळ ठोकळ्यात आहे, तो मुलांनीही उचलला आहे. लुआंटी, म्हणजे पूर्वीचा माइनटेस्ट, या मुक्त खेळात मेसेकॉन्स नावाची जोड आहे. तिच्यातला सौरपट सूर्य आणि दिवा असा भेद करत नाही, ठरावीक पातळी ओलांडली की चालू, एवढंच. ज्यांना दिवेवाल्यांचं म्हणणं प्रत्यक्ष चालवून पाहायचं आहे त्यांनी तिथे जावं. फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही बरा चालतो.

तिसरा पंथ संख्येने सर्वांत छोटा, पण हे पुस्तक मुळात त्याच्यामुळे झालं असं मी मानतो. याला मी आभाळवाला म्हणतो. हे विचारतात: इथून आभाळ किती दिसतं?

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. रोग अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत वाढतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून ट्रस्टने उजेडासाठी कोनाचा नियम आणला: साडेत्रेसष्ट अंश. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं. साडेत्रेसष्ट हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा अर्थ सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. दोन वर, एक आडवं. ठोकळ्यांच्या खेळात याहून सोयीचा कोन शोधून सापडणार नाही! एका मुलीने तोच ठोकळ्यात घातला आहे. तिचा ठोकळा दोन वर, एक आडवं असं चढत जातो आणि वाटेत भिंत लागली तर इशारा बंद करतो. ऑरचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. आजोबांकडून ‘समोरची चाळ खिडकीत बसते’ ही तक्रार ऐकलेली होती.

या ठोकळ्याची गरज का, तर खेळाच्या उजेडाला चौकाची खोली कळत नाही. एक घर रुंद आणि तीनशे घरं खोल अशी विहीर खणा, तळाशी दुपारी पूर्ण १५. खऱ्या चाळीच्या चौकात तळमजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. आणखी एक फरक असा, की खेळातला सूर्य रोज पूर्वेला उगवून बरोबर माथ्यावरून पश्चिमेला जातो. मुंबईत तसा दिवस वर्षातून दोनदाच येतो, मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. जुलैचा तर ढगांमुळे बहुधा दिसतच नाही. मधल्या दोन-अडीच महिन्यांत भर दुपारी सूर्य चक्क उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेच्या उजेडावर बेतलेल्या करवतदाती छपरांच्या गिरण्यांत त्या दिवसांत ऊन आत डोकावत असणार. खेळात उत्तरेचा उजेड अशी वस्तूच नाही, कारण उजेडाला आकडा आहे, दिशा नाही. दिशा हवी तर ठोकळ्याने स्वतः रेघ ओढत जायला हवं, जसा त्या मुलीचा ठोकळा जातो.

आणि रंगही नाही. या संग्रहातला एक भाग रंग ओळखणाऱ्या ठोकळ्यांचा आहे. त्यावर संपादकांचं आणि माझं जमलं नाही. ज्या जगात उजेडाला रंगच नाही तिथे रंगाचा डोळा कशाला, असं माझं मत. त्यांनी मला उत्तरादाखल माटुंग्याला नेलं. कापूस तंत्रज्ञान संशोधनाची केंद्रीय संस्था तिथे १९२४ पासून आहे. कापसाचा रंग आता यंत्र मोजतं, आणि मोजतं ते दोन आकड्यांत: उजेड किती परत फेकतो आणि त्यात पिवळेपणा किती. अमेरिकेत निकरसन आणि हंटर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगमापकापासून ही पद्धत रुळली. पारख्याच्या नजरेतलं सगळं दोन आकड्यांत मावतं तर खेळातही एका आकड्याचे दोन करता येतील, असा त्यांचा युक्तिवाद. मला अजून पटलेला नाही. पण वादात हरल्यासारखं वाटलं हे खरं, म्हणून तो भाग आहे तसा राहू दिला.

आता हे सगळं आत्ताच का? एक कारण खिशात आहे. जवळजवळ प्रत्येक फोनच्या वरच्या बाजूला उजेड मोजणारा बारीक डोळा असतो आणि उन्हात पडदा आपोआप उजळतो, तरी तो डोळा कोणता उजेड पाहतो हे आपण कधी विचारत नाही. दुसरं कारण खिडकीत आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, चाळींचा पुनर्विकास चालू आहे, आणि कुणाच्या वाट्याला किती आभाळ याचा हिशेब मोठी माणसं कागदावर करतात. ठोकळ्यांतून शहराचा विचार करण्याचा प्रयोग नवा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेने मोयांगबरोबर २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला आणि नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या लोकांनी आपलं मैदान आधी खेळात रचून पाहिलं. तिथे प्रश्न जागेचा होता. इथल्या मुलांनी तो उजेडाचा केला. मला विचाराल तर तो जास्त अवघड आहे, कारण जागा नकाशात दिसते, उजेड दिसत नाही.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. प्रत्येक सुचवणीत तीन गोष्टी सापडतील: अडचण काय, ठोकळा काय पाहतो, आणि तो बिघडला तर काय होतं. तिसऱ्या गोष्टीवर संपादकांचा हट्ट होता. खेळाला काहीतरी सुचवणारे बहुतेक लोक वस्तूचं वर्णन करतात, तिचा रंग, तिचं रूप. अडचण सांगत नाहीत. अशा सुचवण्या बनवणाऱ्यांच्या टेबलावर पडून राहतात आणि ते योग्यच आहे. इथल्या सुचवण्यांपैकी एखादी कधी खेळात येईल का, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. पुस्तकाची पैज त्यावर लावलेलीही नाही. रेडस्टोन न येणाऱ्याने मागच्या पानांवरच्या आकृत्यांपासून सुरुवात करावी, येणाऱ्याने सरळ आभाळवाल्यांकडे जावं.

त्या मुलीने आपली चाळ खेळात हुबेहूब उभी केली आहे, गॅलरी, जिना, नळाची जागा, सगळं. पहिल्यांदा तिने तळमजल्यावरच्या आपल्या खोलीच्या दारात दिवस ओळखणारा साधा ठोकळा ठेवला, तर दुपारी बारा वाजता तो १५ दाखवू लागला. तिने मला विचारलं, खेळाला सांगायचं कसं की आमच्याकडे दिवा लावावा लागतो. मग तिने तो ठोकळा काढला आणि स्वतःचा बसवला. तो शून्यावर राहिला. शेजारच्या भिंतीवर तिने रेडस्टोनचा दिवा लावून ठेवला आहे, तो दिवसाही पेटलेला असतो.